टंचाईची मशागत

उद्यानकलेची बहुतेक पुस्तके वनस्पतीला काय द्यावे हे सांगण्यासाठी लिहिलेली असतात: खत किती, पाणी केव्हा, सावली कोणत्या प्रहरी. पर्वतशिखरांवरच्या वनस्पती सपाटीवर जगवण्याचे जे शास्त्र गेल्या दीड-दोनशे वर्षांत मुख्यतः ब्रिटनमध्ये आकाराला आले, त्याचा भर मात्र काय देऊ नये यावर आहे, आणि या उलट्या शास्त्राची वार्षिक परीक्षा तिथल्या वसंतातल्या प्रदर्शनांत होते. १९२९ साली स्थापन झालेली अल्पाइन गार्डन सोसायटी आणि १९३३ साली स्थापन झालेला स्कॉटिश रॉक गार्डन क्लब या दोन संस्था हिवाळा ओसरू लागल्यापासून मे महिन्यापर्यंत, बहुधा शनिवारी, वेगवेगळ्या गावांत ही प्रदर्शने भरवतात. जागा म्हणजे एखाद्या शाळेचे सभागृह किंवा क्रीडासंकुल. जिथे एरवी बॅडमिंटन चालते तिथे लांब टेबले लावून कुंड्यांच्या रांगा मांडल्या जातात, आणि दोन-तीन हजार मीटर उंचीवरच्या कपारींत जन्मलेल्या जाती ट्यूबलाइटच्या उजेडात पाहणाऱ्याच्या कमरेच्या उंचीवर येऊन बसतात. पर्वताचा मागमूस नसलेल्या जागी पर्वताची वनस्पती पाहण्यात एक विसंगती आहे हे खरे, पण ती झाकण्याचा कोणताही खटाटोप इथे नसतो, पार्श्वभूमीला हिमशिखरांची चित्रे लावली जात नाहीत, आणि हा कोरडेपणा या प्रदर्शनांच्या बाजूने बोलणारा पहिला गुण मानावा लागेल.

काटेकोर वनस्पतिशास्त्रीय अर्थाने ‘अल्पाइन’ म्हणजे वृक्षरेषेच्या वर वाढणारी वनस्पती. वृक्षरेषा म्हणजे पर्वतावरची ती मर्यादा, जिच्यापुढे झाडे खोड धरून उंच होऊ शकत नाहीत. बाझेलचे वनस्पतिशास्त्रज्ञ ख्रिस्टियान क्योर्नर यांनी जगभरच्या नोंदींवरून असे दाखवले की, पर्वत आल्प्समधला असो की अँडीजमधला, वाढीच्या हंगामातले सरासरी तापमान सुमारे ६ अंश सेल्सिअसपर्यंत खाली येते तिथे ही रेषा पडते. बागप्रेमी मंडळी मात्र हाच शब्द बरीच सैलपणे वापरतात. खडकबागेत, म्हणजे दगड आणि खडी रचून तयार केलेल्या कृत्रिम उतारावर, शोभेल अशी कोणतीही लहान, काटक, बहुवर्षायू वनस्पती त्यांना चालते, आणि म्हणून इराणच्या कोरड्या कड्यांवरची डायोनिसिया, तुर्कस्तानातल्या उतारांवरची फ्रिटिलारिया, जपानच्या जंगलातली शॉर्टिया आणि भूमध्य सागराकाठचे सायक्लामेन एकाच छताखाली शेजारी शेजारी दिसतात. शास्त्रज्ञाच्या कपाळाला या सरमिसळीने आठी पडेल, पण केवळ वृक्षरेषेवरच्याच जाती घ्यायच्या म्हटल्या तर निम्मी टेबले रिकामी पडतील.

या मेळ्यात जिच्यापाशी जाणकार सर्वांत जास्त वेळ रेंगाळतात ती उशीसारखी वाढणारी वनस्पती. तिच्या सगळ्या फांद्या जवळपास सारख्याच वेगाने, सारख्याच लांबीच्या वाढतात आणि एकमेकींना इतक्या खेटून असतात की वरून दिसतो तो फक्त पानांच्या टोकांचा एक घट्ट घुमट. पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने वारा त्यावरून निसटून जातो. आत जुनी, वाळलेली पाने कुजून स्वतःचीच माती तयार होते आणि ती स्पंजासारखी पाणी धरून ठेवते. उन्हाच्या दिवशी घुमटाच्या आतले तापमान बाहेरच्या हवेपेक्षा दहा अंशांहूनही अधिक चढू शकते. आल्प्स आणि आर्क्टिक प्रदेशातल्या सायलीन अकॉलिस या जातीची अशी उशी शे-दोनशे वर्षे सहज जगते. जांभळ्या फुलांची सॅक्सिफ्राज ऑपोझिटिफोलिया ही दुसरी जात ग्रीनलंडच्या उत्तर टोकालाही वाढते आणि स्वित्झर्लंडमधल्या डोम पर्वतावर ४,५०५ मीटर उंचीवरही सापडली आहे, जी युरोपातल्या सपुष्प वनस्पतीची सर्वाधिक उंचीवरची नोंद आहे. अशा वनस्पतींचे शरीर आखडलेले असते, फुले मात्र त्या मानाने आखडत नाहीत, कारण थंड हवेत फिरणारे कीटक थोडे आणि त्यांना बोलावण्याची मुदत त्याहून थोडी. पुष्कळ जातींत पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन पडलेल्या असतात, त्यामुळे बर्फ सरकताच फूल उमलायला फार वेळ लागत नाही. वसंतातल्या प्रदर्शनांचे सारे वेळापत्रक या एका जैविक गोष्टीवर उभे आहे.

खडकावरचे जगणे मराठी वाचकाला परके नाही, पण त्याला परिचित असलेला नमुना नेमका उलट आहे. साताऱ्याजवळचे कास पठार, किंवा कोकणातले जांभ्याचे सडे, हीही बोटभर मातीचीच जागा. तिथे मात्र अडचण थंडीची नसून आठ महिन्यांच्या कोरडेपणाची आहे, आणि तिच्यावर तिथल्या पुष्कळशा फुलझाडांनी शोधलेला उपाय म्हणजे पावसाळ्यात उगवून, फुलून, बी टाकून मरून जाणे. सीतेची आसवं, गेंद, तेरडा यांचे ताटवे दरवर्षी नव्याने मांडले जातात. उंच पर्वतावर हा उपाय चालत नाही, कारण तिथला हंगाम बीपासून बीपर्यंतचा प्रवास एका वर्षात पुरा करण्याइतका लांब नसतो. म्हणून तिथे वार्षिक वनस्पती विरळा, आणि बहुतेक जाती टिकून राहणाऱ्या, हळू चालणाऱ्या असतात. कासची फुले कुंडीत वाढवून स्पर्धेला नेण्याची कल्पना कोणाच्या डोक्यात येत नाही यामागे इतरही कारणे असतील, पण ज्या झाडाला माणसाच्या बरोबर वीस-पंचवीस वर्षे जगायचेच नाही त्याच्याशी स्पर्धकाचे नाते जुळणे मुळातच अवघड.

आल्प्समधली वनस्पती ब्रिटनच्या हिवाळ्यात मरते ती थंडीने नव्हे, ओलाव्याने. पर्वतावर हिवाळाभर तिच्या अंगावर बर्फाचा जाड थर असतो, त्याखाली तापमान शून्याच्या आसपास स्थिर राहते, उजेड नसतो, पाणी गोठलेले असते, आणि वनस्पती सुप्तावस्थेत निवांत पडून असते. इंग्लंडच्या सपाटीवर तेच महिने भुरभुर पावसाचे, मधूनच उबदार, मधूनच गारठ्याचे जातात. केसाळ पानांत पाणी साचते, राखाडी बुरशी धरते आणि दोन आठवड्यांत दहा वर्षांची उशी आतून तपकिरी होते. यावर काढलेला तोडगा म्हणजे अल्पाइन हाउस: काचेचे छप्पर असलेले, चारी बाजूंनी खिडक्या उघड्या ठेवलेले आणि मुद्दाम न तापवलेले घर. ज्याला काचघर म्हटले की ऊब आठवते त्याला हे चमत्कारिक वाटेल, कारण इथे काच थंडी अडवण्यासाठी नसून केवळ पाऊस अडवण्यासाठी असते. लंडनच्या क्यू उद्यानात २००६ साली उभारलेले डेव्हिस अल्पाइन हाउस तर एक पाऊल पुढे जाते. त्याच्या तळाशी काँक्रीटच्या भिंतींचा चक्रव्यूह आहे, त्यात गार झालेली हवा झाडांभोवती खेळवली जाते आणि तापलेली हवा उंच छपरातून बाहेर पडते. हौशी बागवानाचे घर याहून पुष्कळ साधे असते. त्यात ओल्या वाळूने भरलेल्या ओट्यावर मातीच्या कुंड्या काठापर्यंत पुरून ठेवतात, पाणी कुंडीत न घालता भोवतालच्या वाळूत घालतात, आणि कुंडीच्या सच्छिद्र भिंतीतून झिरपेल तेवढाच ओलावा मुळांना मिळू देतात.

हिमालयातल्या जातींचे गणित आणखी निराळे. ज्या नैर्ऋत्य मोसमी पावसावर कोकणातला भात येतो त्याच पावसावर पूर्व हिमालयातल्या प्रिम्युला आणि मेकोनॉप्सिस वाढतात, म्हणजे त्यांना उन्हाळा ओला आणि हिवाळा कोरडा हवा. दक्षिण इंग्लंडमधला उन्हाळा त्यांना तापदायक आणि हिवाळा चिकचिकीत होतो; निळ्या मेकोनॉप्सिसचे खरे वैभव स्कॉटलंडच्या गार, दमट हवेत पाहायला मिळते ते यामुळे.

पाणी आणि बर्फ यांची अशी नक्कल करता येते. अन्नाची नक्कल करणे म्हणजे अन्न न देणे. हे सर्वांत कठीण, कारण ते बागवानाच्या स्वभावाविरुद्ध जाते. खतावलेल्या मातीत लावलेली उशी मरत नाही, उलट जोमाने वाढते, पण तिच्या फांद्या लांबतात, घुमट भुसभुशीत होतो, पानांची चंदेरी लव विरळ पडते आणि फुले थोडी येतात. पर्वतावर ती ज्या रूपात असते ते रूप हरपते. प्रदर्शनाच्या परीक्षकांच्या लेखी हा मोठाच दोष. फुलांची संख्या, झाडाचा ताजेपणा, वाढवण्यातली अडचण यांबरोबरच झाड आपल्या मूळ स्वभावाला धरून आहे की नाही हे ते पाहतात, आणि गुबगुबीत, चरबी चढलेले मोठे झाड मागे पडून तळहाताएवढे टणक झाड पुढे जाते. आकाराचा अन्याय होऊ नये म्हणून कुंड्यांचे वर्ग व्यासावरून पाडलेले असतात, १९ सेंटीमीटरपर्यंतच्या निराळ्या आणि ३६ सेंटीमीटरपर्यंतच्या निराळ्या. शिवाय सहा वेगवेगळ्या जातींच्या सहा कुंड्या एकत्र मांडण्याचा एक वर्ग असतो, आणि तो जिंकणे ही मुरलेल्या स्पर्धकाची खरी कसोटी मानली जाते, कारण सहाही झाडे एकाच शनिवारी ऐन बहरात आणायची असतात. त्यासाठी मागे राहिलेल्या कुंडीला उन्हात आणि पुढे धावणाऱ्या कुंडीला उत्तरेच्या भिंतीआड हलवण्याचे उद्योग कित्येक आठवडे चालतात.

प्रिम्युला ॲलिओनाय या जातीची एखादी कुंडी जवळून पाहिली की हे सारे डोळ्यांना कळते. फ्रान्स आणि इटली यांच्या सीमेवरच्या सागरी आल्प्समध्ये, चुनखडीच्या कड्यांत आणि गुहांच्या तोंडाशी, जिथे पाऊस थेट पोचत नाही अशा भेगांत ही वनस्पती वाढते. तिची पाने बारीक ग्रंथींमुळे चिकट असतात, वाळली तरी गळून पडत नाहीत, आणि कड्यावर ती तशीच वर्षानुवर्षे फांदीला लगडलेली राहतात. कुंडीत मात्र त्यांत ओल धरते, म्हणून बागवान हिवाळाभर चिमट्याने एकेक मेलेले पान काढत बसतो. मार्चमध्ये फुले येतात तेव्हा घुमटावर पान दिसत नाही. फिक्या गुलाबीपासून गडद किरमिजीपर्यंतच्या पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला छोटी खाच, मधोमध पांढरट डोळा, आणि फुलांना देठ जवळपास नाहीच. खाली मातीवर बारीक चुनखडीचे तुकडे पसरलेले असतात, ते शोभेसाठी आहेत असे वाटते, पण त्यांचे काम झाडाची मान कोरडी ठेवण्याचे आहे. कुंडी घासून स्वच्छ केलेली, आणि तिच्यापुढे जातीचे नाव लिहिलेले छोटे कार्ड. नवखा प्रेक्षक इथे थांबतोच. त्याच टेबलाच्या टोकाला उभ्या असलेल्या फ्रिटिलारियाच्या हिरवट-तपकिरी, खाली मान घातलेल्या घंटांकडे त्याचे लक्ष जायला आणखी दोन-तीन वर्षे लागतात.

सर्वोत्तम झाडाला अल्पाइन गार्डन सोसायटीच्या प्रदर्शनांत जे पदक मिळते त्याला रेजिनाल्ड फॅरर यांचे नाव आहे. स्कॉटिश क्लबचे पदक चीनच्या युन्नान प्रांतातून असंख्य वनस्पती आणणाऱ्या जॉर्ज फॉरेस्ट यांच्या नावाचे. फॅरर हे या छंदाचे मूळपुरुष म्हणावे असे, आणि मूळपुरुषांना शोभेल इतके भांडखोरही. १८८० साली जन्मलेल्या या यॉर्कशरच्या जमीनदारपुत्राने कादंबऱ्या लिहिल्या, त्या फारशा कोणी वाचल्या नाहीत. सिलोनच्या प्रवासानंतर त्याने बौद्ध धर्म स्वीकारला. आणि १९०७ साली आलेल्या ‘माय रॉक गार्डन’ या पुस्तकाने इंग्रजी बागेत दगड कसा रचावा याविषयीची रुची बदलली. तोवर खडकबाग म्हणजे श्रीमंताचा विक्षिप्तपणा होता. हेन्लीजवळच्या फ्रायर पार्क या इस्टेटीत सर फ्रँक क्रिस्प यांनी मॅटरहॉर्न शिखराची दगडी प्रतिकृती उभारून तिच्यावर धातूचे शॅमॉय, म्हणजे आल्प्समधल्या रानबकरीसारखे प्राणी, बसवले होते. (ही इस्टेट १९७० साली बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसन यांनी विकत घेतली, त्यामुळे भारतात तिचे नाव निराळ्या कारणाने माहीत असलेले लोक असतील.) ई. ए. बोल्स यांच्या १९१४ सालच्या ‘माय गार्डन इन स्प्रिंग’ या पुस्तकाला फॅररने प्रस्तावना लिहिली आणि तीत, नाव न घेता, दगडांवर रंगांचे गालिचे अंथरणाऱ्या धनिकांची यथेच्छ टर उडवली. क्रिस्प यांनी ती अंगावर घेतली, उत्तरादाखल पुस्तिका छापली, आणि एलन विल्मट या नामांकित उद्यानप्रेमी बाईंनी चेल्सी प्रदर्शनाच्या दारात उभे राहून ती वाटली. बिचारे बोल्स, ज्यांनी कोणालाच दुखावले नव्हते, ते मधल्यामध्ये सापडले. वादाचा निकाल मात्र फॅररच्या बाजूने लागला असेच म्हणावे लागते. दगड पर्वतासारखा दिसावा हा आग्रह मागे पडून वनस्पतीच्या मुळांना पर्वतासारखी वागणूक मिळावी हा आग्रह पुढे आला, आणि एकदा ते मान्य झाले की दगडांचा डोंगर रचण्याची गरजच उरत नाही. क्लॅरेन्स एलियट यांनी जुन्या दगडी डोण्यांत अल्पाइन वनस्पती लावण्याची प्रथा रुजवली, तिथून कुंडीपर्यंतचे अंतर फारसे नव्हते.

फॅरर १९१४-१५ साली विल्यम पर्डम यांच्यासह चीनच्या कान्सू प्रांतात हिंडला, आणि १९२० साली, चाळिशीत, वरच्या ब्रह्मदेशातल्या डोंगरांत आजारी पडून मरण पावला. त्याच्या पिढीने पर्वतांकडून जे घेतले त्याचा हिशेब आजच्या वाचकाला अस्वस्थ करील. आल्प्समध्ये सुट्टीवर गेलेला सुशिक्षित इंग्रज खुरपे बरोबर नेई आणि उशा उपटून डब्यात भरून आणी, त्यातल्या बहुतेक पुढच्या हिवाळ्यापूर्वी मरत, आणि हे कोणाला वावगे वाटत नसे. आज बहुतेक देशांत अशी उपटणूक बेकायदा आहे, सायक्लामेनसारख्या कुळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, आणि प्रदर्शनातली झाडे बागेत धरलेल्या बीपासून किंवा बागेतल्याच कलमांपासून आलेली असावीत अशी अपेक्षा असते. दरम्यान पर्वतच बदलू लागले आहेत: युरोपातल्या ३०२ शिखरांच्या जुन्या-नव्या नोंदी ताडून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की तापमानवाढीबरोबर शिखरांवरच्या जातींची संख्या वाढत आहे आणि वाढीचा वेग चढता आहे. ही वाढ म्हणजे खालून चढून आलेल्या, अधिक जोमदार जातींची गर्दी असल्याने, ज्यांनी टंचाईतच आपले घर केले त्यांच्यासाठी ती शुभवार्ता नव्हे. सुपीकतेने उशी बिघडते हे जे बागवान कुंडीत पाहतो त्याच्याशी या निष्कर्षाचे नाते लक्षात येण्यासारखे आहे.

मग कुंडीतली वनस्पती ही रानातल्या वनस्पतीचा राखीव साठा मानावी काय? चिलीतल्या टेकोफिलिया सायनोक्रोकस या गर्द निळ्या फुलाचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते: रानातून ते नाहीसे झाले असे दीर्घकाळ समजले जात होते, बागांत मात्र ते टिकून राहिले, आणि २००१ साली सांतियागोजवळ ते पुन्हा रानात सापडले. परंतु या उदाहरणावर फार भार टाकता येत नाही, आणि का ते डायोनिसियाच्या टेबलापाशी कळते. प्रिम्युलाच्या कुळातली ही वनस्पती इराण आणि अफगाणिस्तानच्या सावलीतल्या कड्यांवर वाढते, आणि तिच्या पिवळ्या किंवा जांभळ्या फुलांनी झाकलेल्या उशा हे या प्रदर्शनांचे सर्वांत मोठे आकर्षण असते. तिच्या बहुतेक जातींत, प्रिम्युलाप्रमाणेच, दोन प्रकारची झाडे असतात: एका प्रकारात फुलाच्या नळीतून स्त्रीकेसराचे टोक वर आलेले आणि परागकोश आत दडलेले, दुसऱ्यात परागकोश वर आणि स्त्रीकेसर आत. चार्ल्स डार्विन यांनी १८६२ साली प्रिम्युलाच्या संदर्भात या रचनेचा अर्थ उलगडला. एका प्रकारचा पराग दुसऱ्या प्रकारावर पडला तरच बी नीट धरते. पण डायोनिसिया बागेत प्रामुख्याने कलमांनी वाढवली जाते, त्यामुळे देशभर विखुरलेल्या, दरवर्षी बक्षिसे मिळवणाऱ्या कित्येक कुंड्या म्हणजे अनेक दशकांपूर्वी आलेल्या एकाच रोपाचे तुकडे असतात, साहजिकच एकाच प्रकारचे, आणि त्यांच्यात आपसांत बी होत नाही. जोडीचा प्रकार ज्या कोणाकडे असेल त्याला गाठून बारीक कुंचल्याने पराग इकडून तिकडे न्यावा लागतो, आणि दोन्ही झाडे एकाच वेळी फुललेली, एकाच छताखाली आणलेली, अशी संधी वर्षातून अशा एखाद-दुसऱ्या शनिवारीच येते. त्यातून आलेले बी सोसायटीच्या वार्षिक बीवाटपातून इतर सभासदांकडे जाते. स्पर्धकाने स्वतः बीपासून वाढवलेल्या झाडांसाठी प्रदर्शनात वेगळे वर्ग आहेत. तिथल्या कुंड्या शेजारच्या टेबलावरच्या कलमी उशांपेक्षा बहुधा लहान आणि जरा वेड्यावाकड्या असतात, त्यांच्यापुढच्या कार्डावर बी पेरल्याचे साल लिहिलेले असते, आणि गर्दी कमी असल्याने ती कार्डे निवांत वाचता येतात.